बाळगोंडा आण्णांची प्रतवारी

बाळगोंडा आण्णांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. हनुवटीला दोन बोटं लावून माझं तोंड दाराकडच्या उजेडाला धरलं. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं आणि आत वळून ओरडले, "अगं ए, दोन नंबर हाय. पर कणी चांगली हाय. खोली दाखव ह्याला."

मी भाड्यानं खोली बघायला आलो होतो. त्याआधी कोल्हापुरात चार घरं हिंडलो होतो. आडनाव सांगितलं की खोली नुकतीच भरलेली असायची. एके ठिकाणी तर दारावरची पाटी माझ्यासमोरच काढून आत नेली. त्यामुळे ज्या घरात आडनावाआधी हनुवटी तपासली, ते घर मला आवडलं. दोन नंबरचा अपमान मी आनंदानं गिळला. पुढं कळलं की आण्णांकडून दोन नंबर मिळणं ही मोठीच गोष्ट होती. त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी तीन दिला होता, आणि तोही त्याच्या लग्नात, मांडवात, माईक चालू असताना.

आण्णा गुळाचे अडत्ये. मार्केट यार्डात त्यांचं दुकान. गुऱ्हाळावरून शेतकऱ्याचा गूळ आला की सौदा निघायच्या आधी आण्णा एका रव्याचा, म्हणजे गुळाच्या ढेपेचा, कोपरा फोडायचे, उजेडाला धरायचे, रंग बघायचे, बोटांत चुरून कणी बघायचे, जिभेच्या टोकाला लावायचे आणि नंबर सांगायचे. एक, दोन किंवा तीन. चौथा नंबर नव्हता. चौथ्या लायकीचा माल असला तर ते नुसतं शेतकऱ्याकडं बघायचे आणि तो आपण होऊन गाडी वळवायचा.

हे सगळं दुकानात ठीक होतं. पण आण्णा दुकान बंद करायचे, नंबर लावणं बंद करायचे नाहीत. पोहे दोन नंबर. शेजारच्या गुरवांचा नवा फ्लॅट तीन नंबर, "वरनं रंग, आत मऊ बोदा". गल्लीतल्या गणपतीची मूर्ती एक नंबर, पण मंडळाचा अध्यक्ष नंबरात बसत नाही. पाहुणा आला की चहा व्हायच्या आत त्याचा नंबर लागलेला असायचा. आणि कुणी रागावलं तर आण्णांना खरोखर कळायचं नाही. "मी कुटं शिवी दिली? उजेडाला धरलं आनि जे दिसलं ते सांगितलं!"

त्यांचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे हायड्रॉस. ही पावडर रसात टाकली की काळपट गूळसुद्धा पिवळाधमक दिसतो. एकदा एका शेतकऱ्याच्या गुळात त्यांना ती सापडली. आण्णांनी अख्खा रवा उचलून रस्त्यावर आपटला आणि सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं ओरडले, "काळा असंल तर काळा म्हनून आन की! काळ्याला बी गिऱ्हाईक हाय. नमुन्याला हात लावलास तर मानूस म्हनून माझ्या दारात यायचं न्हाय!" त्या दिवसापासून गल्लीत कुणी केस काळे केले की लोक त्याला आण्णांच्या घरावरून जाऊ नको म्हणायचे.

मी शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यातला. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक, आई रोजगाराला. घराण्यात पदवी घेतलेला पहिला मीच. नेत्रतपासनीसाचं शिक्षण घेतलं आणि इथल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात लागलो. माझं काम चष्म्याचा नंबर काढायचं. हे कळल्यावर आण्णा इतके खूश झाले की त्यांनी मला मिठी मारली. "म्हंजे तू बी नंबरच लावतोस की लेका!" तेव्हापासून ते मला डाक्टर म्हणू लागले. मी डॉक्टर नाही, असं मी त्यांना पुष्कळदा सांगितलं. "व्हशील की," ते म्हणायचे. पहिल्या पगारापर्यंत त्यांनी माझ्याकडं भाड्याचं नाव काढलं नाही, आणि त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला एकदाही उपाशी झोपू दिलं नाही. हे इथं लिहून ठेवतो, कारण पुढचं लिहिताना ते राहून जाईल.

पुढं एका उन्हाळ्यात आण्णांचं न्हाव्याशी भांडण झालं. जन्मभराचा न्हावी, पण त्यानं कंगवा लावला की आण्णा किंचाळायचे. "केस वडतोय का टाळकं सोलतोयस?" न्हावी शपथा घेऊन सांगत होता की मी नुसता हात ठेवला. मग भोंगा सुरू झाला. आण्णा जेवताना मधेच थांबायचे आणि म्हणायचे, "कारखाना सुरू झाला जनू." मे महिन्यात कसला साखर कारखाना? सगळ्यांनी समजावलं. आण्णांनी शेवटी ओळखीच्या एका संचालकाला फोन लावून झापलं, "ऊस न्हाय, कामगार न्हाय, आनि भोंगा कशाला वाजवताय? लोकास्नी झोपू द्या की!" संचालक बिचारा देवदर्शनाला गेला होता. आठवडाभर गल्ली हसली. मीही हसलो.

मग एका सकाळी आण्णा चहाची बशी हातात घेऊन बसून राहिले. "डाक्टर," ते म्हणाले, "चहाच्या मधोमध डाग हाय. तुझ्या तोंडाच्या बी मधोमध हाय."

मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. काकू बरोबर होत्या. आमच्या मॅडम पडद्याच्या आजारांच्या डॉक्टर, शांत बाई. त्यांनी दोन्ही डोळ्यांत थेंब घातले, बराच वेळ आत बघितलं, फोटो काढले. दोन्ही डोळ्यांत पडद्याखाली पाणी साठलं होतं. मग त्या विचारू लागल्या.

"आण्णा, डोळ्याला कधी जोरात मार लागला होता? काही घुसलं होतं? ऑपरेशन?"

मॅडमच्या मनात जो आजार होता, त्याचा हा पहिला निकष. मार लागलेला असेल तर तो आजार वेगळा, जरी आतून सारखाच दिसला तरी. पण आण्णांना ते आव्हान वाटलं. "लागला का म्हंजे? तालमीत असताना एका पैलवानानं..."

"तालमीत?" काकू पदर सावरत म्हणाल्या. "तालमीत ह्ये कधी गेलतं?"

"गेलतो की!"

"दूध प्यायला गेलतं. बाई, ह्यास्नी म्हशीनं शेपूट मारलंतं. ते बी गालाला."

मॅडमनी लिहिलं : इजा नाही.

"कानात काही आवाज येतो? घुमल्यासारखं?"

"न्हाय."

"आवं, मग भोंगा?" काकू म्हणाल्या.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. भोंग्याची सगळी गोष्ट ऐकून घेतली. मग केसांना हात लावला की दुखतं का विचारलं, तेव्हा न्हाव्याची गोष्ट बाहेर आली. मला अजून त्यांचा चेहरा आठवतो. कोडं जुळत आलं होतं आणि ते जुळू नये असं त्यांना वाटत होतं. मी कोपऱ्यात उभा होतो. जे ऐकून आठवडाभर मी हसलो होतो, ते सगळं एकेक करून कागदावर जात होतं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, छातीचा फोटो झाला, पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. दुसरा कुठला आजार नाही हेही ठरवावं लागतं. शेवटी मॅडमनी नाव सांगितलं. तीन डॉक्टरांच्या आडनावांनी बनलेलं मोठं नाव, थोडक्यात व्हीकेएच. शरीर स्वतःच्याच रंगपेशींवर उठतं. डोळ्यांतल्या, कानांतल्या, कातडीतल्या.

"व्हीकेएच," आण्णा म्हणाले. "ही उसाची जात असल्यागत वाटतीया. साखरंचा उतारा कसा हाय?"

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की या आजाराची ओळख तीन पायऱ्यांत करतात. फक्त डोळ्यांत खुणा असतील तर संभाव्य. डोळ्यांबरोबर कानाडोक्याच्या किंवा कातडीकेसांच्या, यांतल्या एका गटाच्या खुणा असतील तर अपूर्ण. सगळ्या जमल्या की पूर्ण.

आण्णा खुर्चीत सरळ झाले. "म्हंजे प्रतवारी."

"तसं म्हणा हवं तर."

"आनि माझी?"

"आज तरी अपूर्ण."

रिक्षात आण्णा एकदम मजेत होते. मला म्हणाले, "जगाचा नंबर लावला मी, आज माझा कुनीतरी लावला. आनि अपूर्न लावला! म्हंजे रोग पुरता आलेला न्हाय. वाटंत हाय. वाटंतनं मानूस परत जातोय का न्हाय?"

"आण्णा, तसं नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांची खात्री किती, एवढंच त्या शब्दात आहे. आजार कमी की जास्त ते त्यात नाही."

"तू गूळ इकलायस कधी?" आण्णा म्हणाले. "मग मला शिकवू नगोस. नंबर म्हंजेच माल."

हे त्यांच्या डोक्यातून कधीच गेलं नाही. उभा जन्म त्यांनी असाच काढला होता. दोन नंबर म्हटला की तो गूळ दोन नंबरचाच, त्याच भावानं जाणार, त्याच बाजारात. कुणी डोळ्यांत बघून अपूर्ण म्हणालं, तर आण्णांच्या दृष्टीनं त्यांचा माल अर्धा सुटला होता.

सलाइनमधून औषध गेलं, मग स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि महिन्याभरात दिसायला लागलं. भोंगाही थांबला. आण्णांनी मॅडमना "स्पेशल" असा नंबर दिला. तो त्यांनी आयुष्यात कुणाला दिला नव्हता. तोंड मात्र गोळ्यांनी गोल झालं. आरशात बघून म्हणाले, "रवा झालाय माझा." मॅडमनी बजावून सांगितलं होतं, की गोळ्यांनी साखर वाढते, गोड अजिबात नको, आणि गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करायच्या नाहीत.

गोळ्या आण्णांनी बंद केल्या नाहीत. पण दिवाळी पाडव्याला नवा गूळ आला आणि ते दुकानात जाऊन बसले. आणि तिथं त्यांना कळलं, की दिसतं सगळं, पण रंग कळत नाहीत. केशरी आणि पिवळा एकच. लालसर आणि काळपट एकच. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. डोळ्यानं जे ठरायचं ते जिभेनं ठरवायला लागले. आधी टोकाला लावून थुंकायचे, आता खडा तोंडात धरून बसायचे. आणि हंगामात गाडीमागून गाडी येते.

साखर इतकी चढली की मॅडमच घाबरल्या. "आण्णा, गोड खाताय?"

"गोड? शप्पथ न्हाय. खात न्हाय मी."

"ह्ये काय करत्यात ते मला म्हाईत हाय," काकू म्हणाल्या. "गूळ चाखत्यात."

"चाखतोय! चाखनं येगळं, खानं येगळं!"

साखरेमुळं गोळ्या लवकर उतरवाव्या लागल्या. गोळ्या उतरल्या आणि पडद्याखाली पुन्हा पाणी आलं. दुसरं औषध दिलं, ते यकृताला झेपेना. पुन्हा गोळ्या, पुन्हा साखर. मी रोज दवाखान्यात असायचो आणि रोज घरी त्यांच्याच जिन्यावरून वर जायचो. कुठल्याच दिवशी सांगण्यासारखं चांगलं काही नसायचं.

एकदा मॅडमनी त्यांच्या पडद्याचा फोटो मोठा करून लावला. आतला गडद रंग निघून गेला होता. सगळा पडदा तांबूस केशरी. आमच्या पुस्तकांत त्याला मावळतीच्या आभाळाचा रंग म्हणतात. आण्णांना फोटो दिसत नव्हता. त्यांनी माझा हात धरला. "रंग कसा हाय? खरं सांग."

"केशरी. लालसर झाक."

"एकसारखा?"

"एकसारखा. मधेमधे बारीक पांढरे ठिपके."

"मग एक नंबरचा गूळ की!" आण्णा हसले. मॅडमनाही हसू आलं. काकू उठून बाहेर गेल्या.

त्यानंतरच्या तपासणीला आण्णा आले ते डोळे लाल करून. मी त्यांची हनुवटी यंत्रावर ठेवली, दिव्याची फट डोळ्यावर आणली, आणि थबकलो. पापण्यांचे केस काळेकुळकुळीत. नको इतके काळे. पापणीच्या कातडीवरही काळे ओघळ. आणि वास, केसांच्या कलपाचा.

"आण्णा, हे काय केलंत?"

त्यांनी आवाज खाली आणला. "पांढरं व्हायला लागलंतं टोकाला. पुतन्याच्या बायकूनं बघितलं. मग मीच काडीला कापूस लावून कलप बसीवला. न्हाय दिसलं मला नीट, डोळ्यात गेलं." मग माझं मनगट घट्ट धरलं. "डाक्टर, मॅडमला सांगू नगोस. आपन अपूर्नच ऱ्हाऊ."

हाच माणूस अख्खा रवा रस्त्यावर आपटून ओरडला होता, नमुन्याला हात लावायचा नाही म्हणून. आज तो यंत्रावर हनुवटी ठेवून बसला होता आणि स्वतःच्याच नमुन्याला रंग लावून आला होता.

मला सांगावं लागलं नाही. मॅडमनी ओला कापूस घेतला आणि एकेक पापणी पुसली. खालून पांढरे केस निघाले. मग त्यांनी कानामागं बघितलं, मानेवर बघितलं. तिथं लहान लहान पांढरे डाग होते. त्या लिहीत राहिल्या.

"लिवलं का?" आण्णांनी विचारलं.

"लिहिलं."

"खोडता न्हाय यायचं?"

"आण्णा, खोडून काय होणार? औषध पहिल्या दिवसापासून तेच आहे. अपूर्ण असो की पूर्ण."

"तेच?" आण्णांनी मान वर केली. "मग नंबर लावता कशाला?"

"जगभरातल्या डॉक्टरांना एकमेकांचं बोलणं कळावं म्हणून. एकाच आजाराबद्दल बोलतोय ना, हे ठरावं म्हणून."

"आसं व्हय," आण्णा म्हणाले. "आनि माझ्यासाटी काय?"

मॅडम चांगल्या डॉक्टर आहेत. खोटं बोलल्या नाहीत. पुढच्या तपासणीची तारीख लिहून दिली.

त्यानंतर डोळ्यांतला दाब वाढला, मग पडद्याच्या मध्यावर वण आला. मॅडमनी पुण्याला दाखवून घेतलं, तिथल्यांनी मॅडमचंच औषध चालू ठेवा म्हणून लिहून दिलं. आता आण्णांना उजेड कळतो, अंधार कळतो, समोर कुणी उभं राहिलं तर सावली हललेली कळते. दुकान पुतण्या बघतो. तो गुळाचा फोटो काढून व्यापाऱ्यांना मोबाईलवर पाठवतो.

आणि आण्णांनी नंबर लावणं बंद केलं. सगळ्यात वाईट मला हेच वाटलं. कुणी मुद्दाम चहा पाजून विचारावं, "आण्णा, कितवा नंबर?" तर म्हणायचे, "चांगला हाय." पुतण्याच्या पोरीचा साखरपुडा झाला, जावई पाया पडला. अख्खं घर कान लावून बसलं होतं. आण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चांगला हाय." गुरवांचा फ्लॅटसुद्धा चांगला झाला. गल्लीत ज्यांना पूर्वी तीन नंबर मिळाला होता ते हळहळू लागले.

मग या पावसाळ्याच्या शेवटी एक नवीन गोष्ट सुरू झाली. सकाळी मी कामाला निघालो की आण्णा जिन्याखाली खुर्चीत बसलेले असतात. पहिल्यांदा एके दिवशी पावलं ऐकून त्यांनी हात पुढं केला, माझी बाही धरली आणि खाली ओढलं.

"आत बघ. तिनं कुठलं नेसलंय?"

काकू स्वयंपाकघरात पाठमोऱ्या होत्या. "हिरवी साडी," मी म्हणालो. "लाल काठ."

आण्णांनी घसा साफ केला. मग सहज बोलल्यासारखं आत हाक दिली, "हिरवं नेसलीयास व्हय आज? लाल काठाचं?"

आतलं लाटणं थांबलं. "व्हय."

"चांगलं दिसतंय."

मी त्यांच्या घरी इतकी वर्षं राहिलो. त्यांनी दुनियेला नंबर लावले, पण काकूंच्या साडीबद्दल, काकूंबद्दल, एक अक्षर बोललेलं मी ऐकलं नव्हतं. आण्णा खालच्या आवाजात म्हणाले, "मोरीत जाऊन रडतीया ती. तिला वाटतंय मला ऐकू येत न्हाय. कान चांगलं हायत माझं आता. तिला वाटू दे, थोडं थोडं दिसायला लागलंय म्हनून."

हे योग्य की अयोग्य, मला कळत नाही. मी शिकलो ते लोकांना खरं किती दिसतं हे सांगायला. तरी रोज सकाळी खाली उतरतो, आत बघतो आणि रंग सांगतो. करड्या रंगाला राखाडी म्हणू की उंदरी, यावर आण्णा हुज्जत घालतात, आणि तेवढ्यापुरते ते जुने आण्णा असतात.

परवाच्या दिवशी काकूंनी जांभळी साडी नेसली होती. मी आण्णांच्या कानात तसं सांगितलं, आणि ते काकू समोर यायची वाट बघत बसले. पण दवाखान्याचं ओळखपत्र वरच राहिलं होतं, म्हणून पुन्हा जिना चढून गेलो, आणि ते शोधण्यात बराच वेळ गेला. खाली आलो तर काकू उंबऱ्यात उभ्या होत्या. मधल्या वेळात त्यांच्या साडीवर आमटी सांडली असावी. हातात ती जांभळी साडी पिळून धरली होती, अंगावर पिवळी.

आणि आण्णांनी तेवढ्यातच घसा साफ केला.

"जांभळं नेसलीयास व्हय गं आज?"

मी जागेवर थांबलो. काकूंनी माझ्याकडं बघितलं. मग स्वतःच्या अंगावरच्या साडीकडं बघितलं. माझ्या लक्षात आलं, त्यांना काहीच नवल वाटलेलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून त्यांना सगळं ठाऊक होतं.

"व्हय की," त्या म्हणाल्या. "जांभळंच हाय. तुमास्नी बरं दिसलं."

"खुलतंय तुला."

काकू ओली साडी घेऊन मागं दोरीकडं गेल्या. आण्णांचं तोंड आनंदानं फुललं होतं.

"बघितलंस डाक्टर? पटलं तिला, मला दिसतंय म्हनून," ते हळूच म्हणाले.

मी जिन्यापाशी उभा होतो. ते दुसरीकडं, भिंतीकडं तोंड करून बोलत होते.